काळी-पिवळीचे बांधलेले गिऱ्हाईक

मुंबईच्या टॅक्सीचा सगळा कायदा चालक आणि प्रवासी एकमेकांना ओळखत नाहीत असे धरून केलेला आहे. दर सरकारी प्राधिकरण ठरवते, अंतर मीटर मोजतो, हात दाखवणाऱ्याला नाही म्हणणे मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि चालकाच्या छातीवरचा बिल्ला तक्रार करताना नंबर सापडावा म्हणून असतो. एकमेकांवर विश्वास ठेवायची वेळच येऊ नये, अशी ही व्यवस्था. तरीही वर्षानुवर्षे एकाच स्टँडवर गाडी लावणाऱ्या चालकाची मिळकत बरीचशी ओळखीच्या माणसांवर चालते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या चालकाबरोबरच जाणारा हा प्रवासी. त्याच्या बाबतीत नियम सगळे लागू असतात. वापरायची पाळी मात्र क्वचित येते.

मुंबईत मोटार टॅक्सी १९११ साली आली. माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नसल्यामुळे शहराच्या या भागात लहानसहान अंतरालाही टॅक्सीच लागते. स्टेशनवरून कचेरी, घरून दवाखाना, बाजारातून परत घर, ही उपनगरात रिक्षाच्या वाट्याची कामे इथे काळी-पिवळी करते. त्यामुळे रोजचे गिऱ्हाईक हा प्रकार मुख्यतः दक्षिण आणि मध्य मुंबईचा. विमानतळावर किंवा लांब पल्ल्याच्या गाड्यांवर धंदा करणाऱ्या चालकाला तो फारसा भेटत नाही. तिथला प्रवासी एकदाच भेटायचा असतो आणि हे दोघांनाही ठाऊक असते. (सामानाच्या पैशांवरून होणारी बाचाबाची नेमकी अशाच ठिकाणी का होते, याचे उत्तरही बहुधा यातच आहे.)

ओळख व्हायला वेळ लागतो. प्रवासी मागे बसतो, त्यामुळे चालकाला आधी चेहरा आठवत नाही. आठवते ती उतरायची जागा. गल्लीच्या तोंडाशी नको, आत पिंपळापाशी. पुढच्या फाटकाने नको, मागच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला प्रवाशाने सांगण्याआधीच गाडी पिंपळाकडे वळते आणि आपल्याला कोणी ओळखले हे प्रवाशाच्या ध्यानात येते. मग उतरताना पैसे देता-घेता चालक विचारतो, उद्या किती वाजता? करार झाला तो एवढाच. पुढचा आठवडा दोघेही एकमेकांना जोखतात. गाडी वेळेवर येते का हे प्रवासी पाहतो, माणूस वेळेवर खाली उतरतो का हे चालक पाहतो. रोज दहा मिनिटे उशीर करणारा कितीही गोड बोलला तरी सुटतो.

मोबाइलपूर्वी ही ओळख चालकाशी कमी आणि स्टँडशी जास्त असे. इमारतीचा वॉचमन किंवा एखादा पोरगा स्टँडवर येऊन निरोप देई. ठरलेला चालक नसला तर त्याच स्टँडवरचा दुसरा कोणी जाई आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. २००३ नंतर येणाऱ्या फोनचे पैसे लागेनासे झाले आणि टॅक्सीवाल्याच्या खिशात मोबाइल आला. मिस्ड कॉल म्हणजे गाडी खाली उभी आहे, अशा खुणा ठरल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक एका माणसाचे झाले. स्टँडच्या जुन्या चालकांना हा बदल फारसा रुचला नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

कारण स्टँडवर रांग असते. पुढे उभी असलेली गाडी आधी जाणार, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे. बांधलेले गिऱ्हाईक थेट आपल्या गाडीकडे चालत येते आणि ती गाडी रांगेत सहावी असते. अशा वेळी समजूतदार चालक गिऱ्हाईक येण्याच्या सुमारास रांगेतून बाहेर निघून कोपऱ्यापलीकडे थांबतो, म्हणजे कोणाचा नंबर मारल्यासारखे होत नाही. निघता आले नाही तर पहिल्या नंबरच्या चालकाला हात करून सांगायचे. भाडे लांबचे असले तर कुरबुर होते, जवळचे असले तर पहिला नंबर आनंदाने सोडतो. किमान भाड्यासाठी अर्धा तास उभे राहून मिळवलेला नंबर गमवायची कोणाची इच्छा नसते.

गाडी स्वतःची असली तर गोष्ट वेगळी. पण पुष्कळसे चालक मालकाची गाडी शिफ्टने चालवतात. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, सीएनजी स्वतःचा भरायचा, उरेल ते आपले. म्हणजे दिवसाचे पहिले काही तास मालकासाठीच चालतात. सकाळी सातचे ठरलेले भाडे अशा चालकाला मोलाचे वाटते, कारण त्या वेळी रस्त्यावर हात दाखवणारे कमी असतात आणि भवानी खात्रीने होते. तेच गिऱ्हाईक साडेनऊचे असेल तर हिशेब उलटतो. तेव्हा चर्चगेटबाहेर माणसे टॅक्सीसाठी धावत असतात आणि एकासाठी इमारतीखाली वाट पाहणे म्हणजे धंदा सोडणे. गिऱ्हाईक कुठे नेऊन सोडते हेही पाहावे लागते. सकाळी नरिमन पॉइंटला सगळेच जातात, तिथून निघणारे कोणी नसते, आणि रिकाम्या गाडीचे किलोमीटर मीटर मोजत नाही. म्हणून अनुभवी चालक बांधलेली गिऱ्हाइके मंद वेळेत घेतो: पहाटे, दुपारी दोन ते चार, रात्री दहानंतर. या वेळांना घराबाहेर पडणाऱ्यांत आजारी माणसे, म्हातारी माणसे, बाजाराची माणसे आणि रात्रपाळीच्या परिचारिका जास्त. चालकाच्या आयुष्यात हीच माणसे का भरलेली असतात, याचे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा घड्याळात शोधावे.

परळचा भाग या दृष्टीने सर्वांत बोलका. केईएम हे १९२६चे, टाटा मेमोरियल १९४१चे, शेजारी वाडियाची रुग्णालये; चालत जाण्याच्या अंतरात एवढे सगळे. टाटामध्ये रेडिएशन घेणारा रुग्ण साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे येतो. त्यातले कितीतरी लोक बाहेरगावचे: विदर्भातले, खानदेशातले, बिहार-बंगालचे, आसामचे. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातलगांच्या खोलीत. अंतर थोडे असते. बसमध्ये चढण्याची ताकद नसते आणि टॅक्सीवाला इतके जवळचे भाडे घ्यायला तयार नसतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले, त्याआधी २८ होते. एवढ्यासाठी गर्दीतून वळसा घालायचा म्हणून रुग्णालयाच्या दारात सर्वाधिक नकार याच प्रवाशांना मिळतात. त्यामुळे जो चालक एकदा हो म्हणतो तो पुढचे सगळे आठवडे त्यांचा होतो.

तो हो का म्हणतो? बाहेरचा माणूस याला दया म्हणतो. चालकाचा खुलासा कोरडा असतो: मशीनची वेळ ठरलेली, म्हणून भाडे चुकत नाही, सोडून पुन्हा स्टँडला यायला वेळ लागत नाही, येताना-जाताना मिळून दोन भाडी होतात. दोन्ही कारणे खरी असावीत. मात्र पहिले कारण चालक स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या काही आठवड्यांत चालक जे पाहतो ते क्रमाने पाहतो. सुरुवातीला रुग्ण स्वतः दार उघडतो, पत्ता स्वतः सांगतो, मीटरकडे लक्ष ठेवतो. पुढे दार बरोबरचा माणूस उघडू लागतो. मग खिडकी उघडी ठेवायला सांगितले जाते, सीटच्या खिशात प्लॅस्टिकची पिशवी येते. चालक गतिरोधक चुकवणारा रस्ता धरतो. तो किंचित लांबचा असतो, मीटरवर दोन-चार रुपये जास्त पडतात आणि बहुतेक चालक तेवढे सोडून देतात. तब्येत कशी आहे, असे तो विचारत नाही. बरोबरच्या माणसाच्या चालीवरून आणि फोनवरच्या बोलण्यावरून त्याला बरेच कळलेले असते. रेडिएशन संपले की पेढ्यांचा पुडा येतो, गावी यायचे आमंत्रण मिळते, आणि गिऱ्हाईक जाते. काही महिन्यांनी तपासणीला आले की कोणी फोन करतो. फोन न आल्याचे अर्थ अनेक निघतात आणि चालक त्यातला एखादा धरून बसत नाही.

डायलिसिसचे गिऱ्हाईक याहून वेगळे, कारण त्याला शेवटचा दिवस नसतो. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, असे ते वर्षानुवर्षे चालते. जाताना आणि येताना माणूस निराळा असतो. जाताना अंगावर सूज, दम लागलेला, चिडचिड; परतताना रक्तदाब उतरलेला, पाय लटपटत. परतीच्या वाटेवर बोलायचे नाही आणि ब्रेक जोरात मारायचा नाही, एवढे चालक आपोआप शिकतो. मधले चार तास थांबून राहणे कोणालाच परवडत नाही, म्हणून तो दुसरी भाडी करतो. मात्र चार तासांनी त्याला पुन्हा त्याच दारात हजर व्हायचे असते. मग कोणी अंधेरीला चल म्हटले की तो मान हलवतो. कायद्याने हा नकार, फुटपाथवरच्या प्रवाशाच्या लेखी ती टॅक्सीवाल्यांची मग्रुरी. एकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी दुसऱ्याला नकार द्यावा लागतो आणि त्या दुसऱ्याला कारण सांगत बसायला सिग्नल पुरत नाही. सगळे नकार असे असतात असे मुळीच नाही. पण काही असतात.

पहाटेचा धंदा त्या मानाने सरळ. दादरच्या फुलबाजारातून उजाडण्यापूर्वी माल उचलून देवळाजवळच्या टपरीवर न्यायचा, ससून डॉकवरून म्हावऱ्याच्या टोपल्या बाजारात पोहोचवायच्या. सीएनजीच्या टाकीने डिक्कीतली बरीच जागा खाल्ल्यामुळे टपावरचे कॅरिअर कामाला येते. फुले सगळेच घेतात. मासळी घ्यायला मात्र चालक नाखूश असतात, कारण वास दिवसभर राहतो आणि पुढचे गिऱ्हाईक नाक मुरडते. मासळी घेणारा चालक म्हणूनच कोळणींचा कायमचा होतो. तो डिक्कीत जाड प्लॅस्टिक अंथरतो, त्यावर गोणपाट. फेरी संपली की गाडी धुतो. भाडे मीटरने ठरत नाही, खेपेवर ठरते. घासाघीस एकदाच, हंगामाच्या सुरुवातीला; पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हे गिऱ्हाईकही बंद.

शेअर टॅक्सीत रोजचा प्रवासी असतो, पण रोजचा चालक नसतो. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या लाइनीत एकाच लोकलने उतरणारी माणसे एकाच सुमारास उभी राहतात आणि त्यांची ओळख आपापसातच होते. पुढच्या सीटवर कोणी बसायचे, सुट्टे कोणी जमवायचे, हे त्यांचे ते ठरवतात. चालक त्यात जवळपास परका असतो.

टॅक्सीवाला बडबड्या, अशी सिनेमाने रूढ केलेली कल्पना आहे. ती एकदाच भेटणाऱ्या प्रवाशांच्या अनुभवावर उभी असावी. रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलणे उलट कमी होत जाते. पहिल्या महिन्यात पाऊस, रस्त्याची खोदाई, गणपतीची गर्दी हे सगळे बोलून संपते. नंतर प्रवासी फोन लावतो किंवा डोळे मिटतो आणि चालक गाडी चालवतो. बोलायला सुरुवात प्रवाशाने करायची, हा संकेत जुने चालक कटाक्षाने पाळतात. राजकारणावर तर ओळख मुरल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, कारण एका निवडणुकीत दोन-तीन गिऱ्हाइके सहज जातात.

तोंड बंद असले तरी कान उघडे असतात. हायकोर्टात जाणारे वकील अशिलाशी बोलतात, झवेरी बाजारातला दलाल भाव बोलतो, मुलगी मैत्रिणीला घरातले सांगते, नवरा-बायको भांडतात. कोणाची जागा विकायला काढली आहे, कोणाच्या मुलाचे लग्न मोडले, हे चालकाला नातेवाइकांच्या आधी समजते. नवरा सकाळी आणि बायको दुपारी, दोघेही एकाच चालकाचे गिऱ्हाईक असण्याचे प्रसंग थोडे नाहीत. सकाळचे काहीही दुपारी निघत नाही. साहेब काल वाटेत कुठे उतरले होते का, अशा साध्या प्रश्नालाही तो ‘ट्रॅफिक बहुत था’ असे उत्तर देतो. हे सोवळेपण नैतिक आहे असे मानायचे कारण नाही. धंद्याची ती गरज आहे. गिऱ्हाइके एकेकटी येत नाहीत, इमारतीच्या इमारती येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चौथ्या मजल्यावरच्या बाईंना नंबर देतात, त्या वॉचमनला. एकीकडून गोष्ट फुटली तर सगळी इमारत हातची जाते.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही ओळख टॅक्सीच्या बाहेर सरकते. दादर पारसी कॉलनी, गिरगाव, ताडदेव अशा जुन्या वस्त्यांत मुले परदेशी आणि घरात एक म्हातारे माणूस, असे घर विरळा नाही. त्यांचा चालक बँकेत टोकन घेतो, भाजीची पिशवी जिन्यावरून वर नेतो, वीजबिल भरतो, आणि या कामांचे पैसे कसे मागायचे हे त्याला आणि कसे द्यायचे हे त्यांना कळत नाही. मग दिवाळीला पाकीट येते, मुलाच्या शाळेची पुस्तके येतात, जुना पंखा येतो. मुलीला क्लासला एकटीने पाठवताना आई ‘काकांच्या गाडीने जा’ म्हणते, तेव्हा चालक मनातून थोडा धास्तावलेलाच असतो. आईचा स्वतःचा फोन आल्याशिवाय मुलीला घ्यायचे नाही, वाटेत गाडी कुठेही थांबवायची नाही, असे नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतलेले असतात.

पैशाचा व्यवहार मात्र दोघेही मोकळा ठेवतात. मीटर टाकला जातो, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जुना यांत्रिक मीटर बाहेर डाव्या बाजूला असे आणि त्यावरचा आकडा दरपत्रकावर लावून भाडे काढावे लागे. रोजच्या गिऱ्हाइकाला ते पाठ असे. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे होऊ लागले, तेव्हा आकडा सरळ दिसू लागला आणि पाठांतराची गरज संपली. खरा पेच भाडेवाढीच्या दिवशी येतो. अनोळखी प्रवाशाकडून चालक पहिल्या दिवसापासून नवा दर घेतो. ओळखीच्याकडे तोंड उघडवत नाही. बहुतेकदा प्रवासीच म्हणतो की आता एवढे झाले ना, आणि जो म्हणत नाही त्याच्याकडे महिनाभर जुनाच दर चालू राहतो. ३१ रुपयांसारख्या आकड्यात वरचा एक रुपया कोणी सोडायचा, हाही प्रश्न असतो. ओळखीत तो एकदा इकडून सुटतो, एकदा तिकडून.

यूपीआय आल्यावर एक गंमत झाली. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाचे नाव चालकाला माहीत नसते. त्याच्या फोनमध्ये ‘टाटा ६ बजे’, ‘डायलिसिस मंगल-गुरू’, ‘चौथा माला आजी’ अशा नोंदी असतात. प्रवाशाच्या लेखीही तो भैया, काका किंवा सरदारजी. पहिल्यांदा स्कॅन करून पैसे आले तेव्हा दोघांच्याही पडद्यावर एकमेकांचे पूर्ण नाव उमटले, आडनावासकट. काही ठिकाणी त्यावरून जात-धर्म नव्याने कळले. त्यामुळे कोणाची गाडी सुटली अशी उदाहरणे असतील, पण बहुतेकांनी नोंद जुन्याच नावाने ठेवली.

चालकांत उत्तर प्रदेशातल्या जौनपूर-प्रतापगढकडचे पुष्कळ. उन्हाळ्यात ते महिना-दीड महिना मुलुखाला जातात. गाडी मालकाकडे परत जाते किंवा बदली चालकाकडे. गिऱ्हाइके मात्र चालक स्वतःच्या हाताने सोपवतो. ‘मेरा भाई आएगा’ असे सांगून तो एक दिवस त्याला शेजारच्या सीटवर बसवून घेऊन येतो, पिंपळ दाखवतो, मागचे फाटक दाखवतो, आजींना गुडघ्यामुळे दार पूर्ण उघडून द्यावे लागते हे सांगतो. हा भाऊ चुलत असतो, मावस असतो किंवा नुसताच गावचा असतो. परत आल्यावर गिऱ्हाइके मागून घ्यायची आणि भावाने ती द्यायची, हा व्यवहार शब्दावर चालतो, आणि त्यावरून नाती तुटल्याचेही ऐकू येते.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत ही सगळी वीण एका आठवड्यात उसवली. स्टँड रिकामे पडले. काही चालक आपली टॅक्सी घेऊनच उत्तर प्रदेशाकडे निघाले. त्या काळात जुन्या गिऱ्हाइकांनी पैसे पाठवले, रेशन भरून दिले. परतल्यावर रुग्ण आणि म्हातारी माणसे पुन्हा मिळाली. कचेरीवाले पूर्वीसारखे परतले नाहीत, कारण कचेरी घरी आली होती. त्याआधीच ॲपच्या गाड्यांनी तरुण प्रवासी नेला होता. ॲप जवळची गाडी पाठवते, कालचा चालक आज येईल याची सोय त्यात नाही, आणि फोन नंबरही झाकलेले असतात. तरी ॲपवर गाडी चालवणारे चालकसुद्धा उतरताना आपला नंबर देऊ पाहतात.

प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. शहराने त्याचा सोहळा केला. रोजच्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने गाडी बदलणे नवीन नव्हते. पद्मिनीवरून सँट्रो किंवा वॅगन-आरवर आलेल्या चालकाच्या मागे ती बिनतक्रार आली होती. त्यांना अडचण आली ती गाडी ओळखण्याची, कारण रंग तोच आणि आकारही सगळ्यांचे सारखे. म्हणून कोणी काचेवर लाल दोरा बांधला, कोणी नंबरचे शेवटचे दोन आकडे पाठ केले.

हे नाते संपते तेव्हा सहसा कोणी कळवत नाही. बदली होते, घर विकले जाते, मुलगा अमेरिकेला घेऊन जातो, माणूस जाते. फोन येत नाही आणि दोन-चार दिवसांनी चालक वॉचमनला विचारतो. मृत्यू असेल तर काही जण दहाव्याला जाऊन येतात, दारात चपला काढून मागच्या बाजूला उभे राहतात. घरच्यांना हा कोण ते ठाऊक नसते. भाड्याचे काही पैसे राहिले असतील तर ते मागितले जात नाहीत. त्या गिऱ्हाइकाच्या वेळेला चालक काही दिवस स्टँडवर रांगेत लागतो. नंतर वॉचमनच दुसऱ्या कोणाचा तरी नंबर देतो: सहावा मजला, सकाळी सात, फिजिओथेरपी.